सायकलवर ४०० किलोमीटरला २६ तास लागले, आता ६०० ला नाव द्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मगच लिहायला घेतलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यांचं वय ४४, पुण्यात बँकेत नोकरी, याच सीझनमध्ये २००, ३०० आणि ४०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड, यांनाच ब्रेव्हे म्हणतात) झाल्या आहेत. ४०० ला २७ तासांची मुदत असते, ती यांनी २६ तासांत केली. आता सात आठवड्यांनी पुण्याहून कोल्हापूर, निपाणी करत संकेश्वरच्या बाजूला जाऊन परत अशी ४० तासांच्या मुदतीची ६०० आहे, ती झाली की सुपर रँडोनिअर (एसआर), म्हणजे एका सीझनमध्ये चारही अंतरं पूर्ण करणारी, होणार. ग्रुपवर सगळे म्हणतायत "मनात असलं ना की होतं, टाक नाव". मिस्टरांचा विरोध नाही पण काळजी आहे, म्हणून ते गाडी घेऊन मागोमाग येतो म्हणतायत. आणि या सगळ्याच्या मागे २०२७ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी) ही फ्रान्समधली मोठी राईड आहे. तर नाव द्यावं की थांबावं.

मी बरीच वर्षं ब्रेव्हे चालवतेय, आणि ज्या चालवत नाही त्यांना कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणी, शिक्के मारायला बसते, त्यामुळे ६०० पूर्ण करणारेही जवळून बघितलेत आणि सोडणारेही. ग्रुपवर जे सांगतायत ते वाईट हेतूने सांगत नाहीयेत, पण तुमच्या प्रश्नाला ते उत्तर नाही असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही लिहिलंय "माझ्यात तेवढा दम आहे का कळत नाही". रात्रभर सायकल चालवून ४०० पूर्ण केलेल्या बाईच्या दमाबद्दल मला काही शंका नाही. शंका आहे ती झोपेची. ४०० ही एका जागरणाची राईड आहे, बिनझोपेची निभावून नेता येते. ६०० मध्ये एक रात्र काढून झाल्यावर अख्खा दुसरा दिवस उरतो, आणि तोही उन्हातला, वाऱ्यातला. त्यामुळे प्रश्न असा की त्या ४० तासांत तुम्हाला दीड-दोन तास तरी डोळे मिटायला मिळणार आहेत का. मिळणार असतील तर नाव द्या, मिळणार नसतील तर आत्ता नको. बाकीच्या गोष्टी याच्या नंतर येतात.

आता हिशोब. शनिवारी सकाळी ६ ला सुटलात तर रविवारी रात्री १० ला संपलं पाहिजे. मधले कंट्रोल ढोबळमानाने ताशी १५ किलोमीटरच्या हिशोबाने बंद होतात, म्हणजे ३०० चा कंट्रोल विसाव्या तासाला, रात्री २ ला. झोपेसाठी वेगळा वेळ कुणी देत नाही, दिवसभर चालवून जो बफर, म्हणजे मुदतीच्या आधी राखलेला वेळ, जमवला असेल त्यातूनच झोप काढायची. ४०० ला तुमचा शेवटचा बफर एक तास होता. तोच वेग, त्याच सवयी घेऊन ६०० ला गेलात तर त्या एका तासात जेवण, कपडे बदलणं, पंक्चर आणि झोप हे सगळं बसवावं लागेल, आणि ते बसत नाही.

पण तेवढ्यावरून मी नाही म्हणणार नाही, कारण २६ तास हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तुमच्या ४०० ची स्ट्राव्हा ॲपची फाईल उघडा, त्यात मूव्हिंग टाइम (प्रत्यक्ष चालवण्याचा वेळ) वेगळा दिसेल आणि इलॅप्स्ड टाइम (थांबे धरून एकूण वेळ) वेगळा. दोन्हीची वजाबाकी करा. म्हणजे सायकलवर किती तास होतात आणि सायकलच्या बाजूला किती तास होतात ते कळेल. माझा सगळा सल्ला त्या एका आकड्यावर अवलंबून आहे.

समजा मूव्हिंग टाइम साडेवीस तास निघाला. म्हणजे साडेपाच तास तुम्ही ढाब्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर, मित्रमंडळींची वाट बघण्यात घालवलेत, आणि चालवण्याचा वेग ताशी साडेएकोणीसच्या आसपास आहे. या वेगाने पहिले ३०० साडेपंधरा तासांत होतात, थांबे दोन तासांत आवरले तर रात्री साडेअकराला तुम्ही वळण्याच्या जागी असाल. कंट्रोल २ ला बंद, हातात अडीच तास. त्यातले दोन तास झोप, अर्धा तास शिल्लक ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वेग उतरतोच, साडेसतरा धरा, उरलेले ३०० सतरा-सव्वासतरा तासांत आणि वर दोन तास थांबे. बेरीज करून बघा, ३९ तासांच्या आत येतं. घट्ट आहे पण बसतंय. तुम्हाला पाय वाढवायचे नाहीयेत, थांबे कमी करायचेत, आणि ते सात आठवड्यांत शिकता येतं.

आता दुसरी शक्यता, मूव्हिंग टाइम साडेतेवीस तास निघाला. म्हणजे तुम्ही फारसं थांबलाच नव्हतात, वेगच ताशी १७ होता. या वेगाने पहिले ३०० साडेसतरा तासांच्या पुढे जातात, दुसरे ३०० साडेपंधराच्या वेगाने साडेएकोणीस तास घेतात, झाले ३७, आणि फक्त तीन तास थांबे धरले की ४० संपले. झोप शून्य. अशा वेळी मी कितीही जवळच्या मैत्रिणीला सांगेन की हे नाव देऊ नकोस. जिद्द कमी आहे म्हणून नव्हे, अंकगणितात झोप नाहीये म्हणून. तीन-चार महिने वेगावर काम करायचं, घाटात इंटरव्हल्स (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू) करायचे, मग बघायचं.

झोपेवर एवढा जोर का देतेय ते सांगते. मागे एका ६०० ला माझी हायवेवरच्या एका ढाब्यावर ड्युटी होती. पहाटे साडेतीनला एक रायडर आला, चांगला तगडा, अंगावर थंडीने काटा. मी ब्रेव्हे कार्ड मागितलं तर त्याने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. कार्ड त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात होतं, ते मीच काढलं. सही करायला पेन दिलं तर नावाची पहिली दोन अक्षरं लिहून पेन तसंच टेकवून बसला. पोहे आणून दिले, चमचा तोंडाशी नेला आणि तिथेच थांबला, डोळे उघडे, समोर बघतोय पण बघत नाहीये. मी विचारलं की मागचा टोलनाका कधी ओलांडला, त्याला तो आठवतच नव्हता. म्हणजे त्या नाक्यापासून इथपर्यंत ट्रकच्या बाजूने तो माणूस आला कसा हे त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही त्याला बाजेवर आडवा केला, ब्लँकेट घातलं, सकाळी उठल्यावर त्याने स्वतःच डीएनएफ, म्हणजे राईड अर्धवट सोडतोय असं, सांगितलं आणि घरी फोन केला. त्याचे पाय उत्तम होते, पुढच्या शंभरला पुरले असते.

मनात असलं की पाय दुखत असतानाही पेडल मारता येतं हे खरंय, मी स्वतः अनुभवलंय. पण डुलकी विचारून येत नाही. रात्री २ ते ५ या वेळेत शरीराला झोपच हवी असते, त्यात आदल्या दिवसाची दमणूक, आणि दोन-तीन सेकंद डोळा लागला तरी सायकल पांढरी पट्टी सोडून आत जाते. म्हणून "मनात असलं की होतं" हे वाक्य मला ६०० च्या बाबतीत धोक्याचं वाटतं, आणि हे मी ग्रुपवरही बोलते.

त्यात आपला हा रस्ता. तुम्ही जाताय तो ऊसगाळपाचा हंगाम आहे, कराडच्या खाली कोल्हापूर-निपाणीपर्यंत रात्रभर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालू असतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, आणि सर्व्हिस रोडवर तर समोरून राँग साइडनेही येतात. जाग्या माणसाला ते दिसतं. पेंगणाऱ्याला अगदी जवळ गेल्यावर दिसतं. म्हणून पुढे साधी लाईट नको, रस्ता नीट दाखवणारी हवी, मागे दोन लाल लाईट वेगवेगळ्या चार्जिंगच्या, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट तर नियमानेच लागतं. आणि लक्षात ठेवा की रविवारी संध्याकाळीही साडेसहा-सातनंतर अंधार आहे, तेव्हा पहिल्या रात्रीत सगळी बॅटरी संपवून चालत नाही.

पंक्चरचंही बघा. या हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरची बारीक तार सगळीकडे पडलेली असते, केसासारखी, टायरमध्ये घुसली की बाहेरून दिसत नाही, तुम्ही ट्यूब बदलता आणि पाच किलोमीटरवर परत हवा जाते. एक छोटा चिमटा टूलकिटमध्ये टाका, टायरच्या आतून हळू बोट फिरवून तार शोधा, ती उपटल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. रात्री थंडीत हे करायला वीस मिनिटं लागतात, घरी सराव केलेला नसेल तर पाऊण तास. पाऊण तास म्हणजे तुमच्या झोपेचा जवळजवळ अर्धा वाटा.

काही गोष्टी खरंच तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. ४०० नंतर हाताच्या करंगळीला मुंग्या किती दिवस होत्या? दोन दिवसांत गेल्या तर ठीक, आठवडा-दोन आठवडे राहिल्या असतील तर आधी बाईक फिट करून घ्या, सॅडल आणि हँडलबारचं अंतर बघा, नाव नंतर. बसायच्या जागी कातडं सोललं होतं का? तसं असेल तर ६०० ला ते २५० च्या पुढेच सुरू होईल. वळण्याच्या जागी कोरडी शॉर्ट्स बदलायला ठेवा, क्रीम भरपूर लावा, आणि बायकांना माझा सल्ला असा की एवढ्या लांबच्या राईडला बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्टे असलेल्या) टाळा, पेट्रोल पंपाच्या बाथरूममध्ये जॅकेट, जर्सी, बिब सगळं उतरवत बसण्यात जो वेळ जातो तो पुरुषांच्या हिशोबात कधी नसतो. पाळीची तारीख कॅलेंडरवर बघून ठेवा. ती त्याच दिवसांत येत असेल तर पुढे ढकलायच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आत्ताच बोला, राईडच्या आठवड्यात पहिल्यांदा प्रयोग नको. दुखतंय म्हणून वाटेत आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेत राहणंही नको, अंगात पाणी कमी असताना त्या किडनीला त्रास देतात.

खाण्याचं तुम्ही ४०० मध्ये शिकलाच असाल. फक्त एक, दुसऱ्या दिवशी गोड नकोसं होतं, जेल आणि चिक्की बघून मळमळतं, तेव्हा दहीभात, इडली, उकडलेला बटाटा मीठ लावून, हे असं खारट आणि मऊ काहीतरी ठरवून ठेवा. आणि थंडी आहे म्हणून पाणी कमी पिऊ नका, रविवारी दुपारी कराड ते सातारा हा पट्टा थंडीच्या दिवसांतही चांगला भाजतो.

समजा वजाबाकी तुमच्या बाजूने निघाली, तरी फॉर्म भरायच्या आधी एक परीक्षा घ्या असं मी सांगेन. पुढच्या सात आठवड्यांत अंतर वाढवत बसू नका, ४०० च्या वर सराव कुणी करत नाही. त्याऐवजी तीन-चार आठवड्यांनी एका शुक्रवारी ऑफिस करून, जेवून, रात्री ८-९ ला एका सोबतीबरोबर निघा, पुणे-सातारा-पुणे करा, जाताना खंबाटकी घाट लागेल, येताना खेड शिवापूरनंतर कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंतची चढण लागेल. सकाळी घरी आलात की घड्याळ लावून दोनच तास झोपा. उठा, आणि परत सायकल काढून ८०-१०० किलोमीटर करून या.

यात मला बघायचंय ते दोन तासांच्या झोपेनंतरचं तुमचं शरीर. उठल्यावर पहिला अर्धा तास सगळ्यांनाच नकोसं होतं, डोकं जड असतं, तो मोजू नका. त्यानंतर तुम्ही चालवू शकताय का, पोट अन्न घेतंय का, डोळे जागे आहेत का. काही लोकांना दोन तासांची झोप पुरते आणि ते ताजेतवाने निघतात, काही लोक उठल्यावर आधीपेक्षा वाईट असतात, आणि हे फक्त वयावर किंवा फिटनेसवर ठरत नाही, ज्याचं त्याचं असतं. हे ६०० च्या मध्यरात्री संकेश्वरला कळण्यापेक्षा शनिवारी दुपारी घरी कळलेलं बरं. परीक्षा नीट झाली तर नाव द्या, अगदी बिनधास्त द्या. नाही झाली तर ही ६०० सोडा.

सोडली तर काय जातं, तेही बघू. बीआरएमचा सीझन १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असतो, एसआरसाठी चारही अंतरं एकाच सीझनमध्ये लागतात पण ती एकाच क्लबची किंवा एकाच शहराची लागत नाहीत. तुमची २००, ३००, ४०० वाया जात नाही, ऑक्टोबरच्या आत कुठलीही दुसरी ६०० केलीत तरी एसआर होतं. दुसरीकडची, कमी चढणीची बघता येईल, उन्हाळा टाळून पावसाळ्याच्या शेवटी. आणि बीआरएम ही रेस नाही, निकालात नंबर नसतात, ३२ तासांत आलेला आणि ३९ तासांत आलेला एकाच यादीत असतात, अर्धवट राहिलेल्यांची नावं त्या यादीत येतच नाहीत. म्हणजे डीएनएफची भीती वाटत असेल तर ती मनातून काढून टाका, नाव देऊ नका म्हणायला ते कारण पुरेसं नाही.

पीबीपीबद्दल. ही राईड १८९१ पासून चालत आलेली, आता दर चार वर्षांनी, साधारण १२०० किलोमीटर जास्तीत जास्त ९० तासांत, २०१९ आणि २०२३ ला सुरुवात पॅरिसजवळच्या रॉम्बुयेहून झाली. तिच्यासाठी त्या वर्षीच्या सीझनमध्ये २००, ३००, ४००, ६०० पुन्हा करावंच लागतं, त्यामुळे या सीझनची ६०० हुकली म्हणून पॅरिस हुकत नाही. २०२३ ला आधीच्या वर्षी ज्यांनी मोठं अंतर केलं होतं त्यांना नावनोंदणी आधी खुली झाली होती, म्हणून लोक घाई करतात, ते मला समजतं. पण पीबीपीला जाऊन तीन-चार रात्री काढायच्या असतील तर आत्ता तुम्हाला शिकायचंय ते झोप आणि वेळ सांभाळणं, आणि ते अर्धमेल्या अवस्थेत एक ६०० ओढून नेल्याने शिकता येत नाही.

तर तुमच्या बाबतीत क्रम असा: आधी फाईलमधली वजाबाकी, मग हात आणि सॅडलचं खरं उत्तर, मग शुक्रवारची रात्र, आणि शेवटी फॉर्म. पहिल्याच पायरीवर साडेतेवीस निघाले तर पुढचं काही करायची गरज नाही.

राहिला मिस्टरांचा प्रश्न. गाडी मागोमाग चालणार नाही, नियमाने दोन कंट्रोलच्या मध्ये बाहेरची मदत घेता येत नाही, घेतली तर राईड बाद होऊ शकते. पण कंट्रोलवर ते भेटू शकतात. त्यांना सांगा की वळण्याच्या जागच्या कंट्रोललाच लागून एक खोली घ्यायची, तुमची कोरडी कपड्यांची बॅग, चार्जर आणि दहीभात घेऊन तिथे थांबायचं, तुम्हाला दोन तासांनी उठवायचं, आणि उठल्यावर दोन साधे प्रश्न विचारायचे, पुढचा कंट्रोल किती किलोमीटरवर आहे आणि तो किती वाजता बंद होतो. उत्तर धड आलं नाही तर सायकल गाडीत टाकायची, तिथे वाद घालायचा नाही, हे तुम्ही दोघांनी घरीच ठरवून निघायचं. आणि राईड पूर्ण झाली तरी रविवारी रात्री घरापर्यंत गाडी त्यांनीच चालवायची, तुम्ही स्टिअरिंगला हात लावायचा नाही, स्कूटरही नाही. सोमवारची रजा आत्ताच टाकून ठेवा.

४०० चा मूव्हिंग टाइम बघितलात की इथे लिहा, थांबे कुठे किती वेळ होते तेही जमलं तर लिहा. त्यावरून तुमचा कंट्रोलवार तक्ता मी करून देते.